स्टार्टरची कॉइल सारखी जळते? नवी टाकण्याआधी फट बघा

गेल्या रब्बीत एका शेतकऱ्याने एकाच स्टार्टरसाठी पाच आठवड्यांत तीन कॉइली नेल्या. चौथ्यांदा आला तेव्हा जळकी कॉइल त्याने काउंटरवर आपटलीच. "मिस्त्री, माल डुप्लिकेट द्यायलात का आम्हाला?" मी कॉइल खिशात घातली आणि त्याच्याच गाडीवर मागे बसून येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला त्याच्या हरभऱ्यात गेलो. मेन पाडला, किटकॅट (फ्यूज) काढले, कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा पेटीतला स्विच) खोलला. आतल्या दोन लोखंडी ठोकळ्यांच्या मध्ये कुंभारमाशीच्या घराचा मातीचा खडा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. काडीने खरवडला, फडक्याने पुसलं. ती चौथी कॉइल अजून चालू आहे.

जिंतूर, सेलू, औंढा या पट्ट्यात मी बोअर-विहिरींचे स्टार्टर दुरुस्त करतो. या कामात एक गोष्ट पक्की कळली. कॉइल स्वतःहून फार क्वचित जळते. तिला जाळणारं दुसरंच काहीतरी असतं, आणि ते न शोधता नवी कॉइल टाकली की ती पण त्याच वाटेने जाते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. साधारण ३ ते १० एचपीच्या थ्री फेज मोटारीचा, बटणाचा स्टार्टर डोळ्यापुढे धरलाय.

लक्षणं

हिरवं बटण दाबल्यावर चांगला कॉन्टॅक्टर एकदाच "खट्ट" करतो आणि गप्प बसतो. कान अगदी जवळ नेला तर बारीक गुणगुण ऐकू येते, तेवढी चालते. बिघाड सुरू झाला की पुढच्यापैकी काहीतरी दिसतं.

पेटी घुमायला लागते. दहा पावलांवरून ऐकू येईल अशी घरघर, पत्र्याला हात लावला तर मुंग्या आल्यासारखा थरथराट. (हात उलटा, बोटांची पाठ लावून बघा. थरथराटाऐवजी झिणझिण्या आल्या तर तो करंट आहे. तिथेच थांबा, खाली त्याबद्दल लिहिलंय.)

तडतड होते. कॉन्टॅक्टर आत-बाहेर आपटतो, मशीनगनसारखा, आणि आत ठिणग्या दिसतात. हे सगळ्यात वाईट. यात कॉइलबरोबर कॉन्टॅक्टही खराब होतात आणि मोटारीला झटके बसतात ते वेगळेच.

वॉर्निश जळाल्याचा गोडूस-उग्र वास येतो. कॉइलवरची पट्टी तपकिरी पडते, प्लास्टिकची बॉबिन फुगते. इतकी फुगते की कधी कधी ती ठोकळ्यातून निघतच नाही, पकडीने तुकडे करून काढावी लागते.

आणि एक लक्षण लोक चुकून कॉइलच्या नावावर टाकतात. बटण दाबून धरलं तोवर मोटार चालते, सोडलं की बंद. ही कॉइल ठणठणीत आहे. तिला धरून ठेवणारा बाजूचा छोटा कॉन्टॅक्ट लागत नाही, तो साफ करा किंवा बदला. कॉइल विकत घेऊ नका.

का जळते, ते आधी समजून घ्या

कॉइल म्हणजे सोलेनॉइड. नळीवर तार वेटोळी गुंडाळली आणि तिच्यातून करंट सोडला की नळी चुंबक होते. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलं. त्यापुढचं गणित फ्रान्सच्या अँपिअरने मांडलं आणि अशा वेटोळ्याला ग्रीक भाषेतल्या "नळी"वरून सोलेनॉइड हे नावही त्यानेच दिलं. आपण मोटारीचे अँपिअर मोजतो ते त्याच्याच नावाने.

नुसत्या वेटोळ्यात जोर फार नसतो. एका मीटरला १,००० वेढे आणि १ अँपिअर करंट धरला तर आत साधारण ०.००१२६ टेस्ला चुंबकत्व तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तिसेक पट झालं, पण कॉन्टॅक्टर ओढायला ते काहीच नाही. मधे लोखंड घातलं की खरी ताकद येते. म्हणून स्टार्टरमध्ये इंग्रजी ई अक्षराच्या आकाराचे, पातळ पत्र्यांचे दोन ठोकळे असतात. खालच्या ठोकळ्यात कॉइल बसते, वरचा ठोकळा स्प्रिंगवर उचललेला असतो. करंट आला की वरचा खाली येऊन टेकतो आणि त्याच्यासोबत तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट लागतात.

सगळी मेख त्या टेकण्यात आहे. लोखंड चुंबकाला हवेच्या दोन हजार पट सोपी वाट देतं असं धरलं, तर १ मिलिमीटर हवेची फट त्याला २ मीटर लोखंडाएवढी लांब वाटते. ठोकळे टेकलेले असताना एसी कॉइल स्वतःच करंटला जोरदार अडवते. फट राहिली की ती अडवणूक कोसळते आणि करंट धो धो वाहतो. नेहमीच्या छोट्या कॉन्टॅक्टरचं माहितीपत्रक बघा: ओढताना सुमारे ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर), धरून ठेवताना ७-८ व्हीए. म्हणजे ४१५ व्होल्टच्या कॉइलमधून ओढताना ०.१७ अँपिअर जातो आणि टेकल्यावर ०.०२. करंट जवळपास नऊ पट, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती पाऊणशे पट. ओढण्याचं काम डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात संपतं म्हणून कॉइल वाचते. तेच काम मिनिटभर चाललं तर केसासारख्या त्या तारेचं काय होणार?

डीसीमध्ये असं होत नाही. ट्रॅक्टरच्या स्टार्टरवरचा १२ व्होल्टचा सोलेनॉइड घ्या. तिथे करंट फक्त तारेच्या रेझिस्टन्सवर ठरतो, दांडा आत गेला काय आणि अडकला काय. त्यामुळे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याचे आडाखे पंपाच्या स्टार्टरला लावू नका. एका बुलेट मेकॅनिकने लावले होते. त्यावर लिहायचं म्हटलं तर वेगळा लेख होईल.

(जाता जाता: दीड टेस्लाच्या एमआरआय मशीनमध्ये पेशंट ज्या बोगद्यात झोपतो त्याच्याभोवतीही अशीच नळी असते, फक्त द्रवरूप हेलियममध्ये गारठवलेली. आणि आमच्या शेजारी औंढा नागनाथला लायगो-इंडियाची, गुरुत्वलहरी मोजणारी वेधशाळा उभी राहायलीय, २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिलेली. त्या जातीच्या यंत्रात टांगलेले आरसे डुलू नयेत म्हणून वरच्या वजनांना बारीक चुंबकं लावतात आणि समोर कॉइली. अणुरेणूंपेक्षा बारीक हालचाल मोजणारं यंत्र आणि आपला घुमणारा स्टार्टर, नियम एकच.)

हात घालण्याआधी

मेन स्विच पाडा आणि तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा. "आता लाईट नाही" ही खात्री नव्हे. थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नाही, आणि ऑटो लावलेला असेल तर लाईट येताच स्टार्टर तुमच्या बोटांसकट चालू होतो. कॅपॅसिटर बसवलेला असेल तर मेन पाडल्यावरही त्याच्या टर्मिनलला हात लावू नका. पायात कोरडी चप्पल, आणि पाणी चालू असलेल्या वाफ्यात उभं राहून पेटी उघडायची नाही.

टेस्टरवर विसंबू नका. तो मंद पेटला तरी फसवतो, नाही पेटला तरी फसवतो. मल्टीमीटर नसेल तर सारख्या वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प ठेवा. एकच बल्ब दोन फेजमध्ये लावला तर तो तोंडावर फुटेल.

पहिली तपासणी: कॉइलवरचा आकडा वाचा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. कॉइलच्या पट्टीवर २३०/२४० किंवा ४१५ लिहिलेलं असतं. दोन्ही कॉइली आकाराने सारख्या, एकाच कॉन्टॅक्टरमध्ये बसतात. गावात दुकानदाराकडे जी शिल्लक असते ती हातात पडते.

कॉइलची दोन टोकं दोन फेजवर असतील तर ४१५ ची हवी, फेज आणि न्यूट्रलवर असतील तर २३०-२४० ची. २३० ची कॉइल दोन फेजवर लावली तर लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरतं, पुढे अडवायला काही उरत नाही आणि कॉइल काही मिनिटांत धूर सोडते. उलटं केलं, म्हणजे ४१५ ची कॉइल २३० वर, तर ओढ तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी पडते. ठोकळा अर्ध्यात लटकतो, घुमतो, आणि तीही जळते, फक्त जरा सावकाश. शेतातल्या न्यूट्रलचा भरवसा नसतो म्हणून मी शक्यतो ४१५ चीच लावतो.

दुसरी: फट साफ करा

माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात, म्हणून इथे घाई करू नका.

वरचं झाकण काढून दोन्ही ठोकळे बाहेर घ्या. कुठला भाग कसा होता याचा आधी मोबाइलवर फोटो काढा, स्प्रिंग उलटी बसली की नवाच घोळ होतो. ठोकळ्यांची टेकणारी तोंडं उजेडात धरून बघा. कुंभारमाशीची माती, मेलेले मुंगळे, पालीची शेपटी (पूर्ण पालही निघते, उन्हाळ्यात पेटीच्या सावलीला येते), थ्रेशरचा भुसा, गंजाचा पापुद्रा. यातलं काहीही कागदाएवढं जाड असलं तरी पुरे.

कोरड्या सुती फडक्याने पुसा. गंज असेल तर फडकं पेट्रोलमध्ये नावापुरतं ओलं करून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. काम पेटीपासून लांब, बिडी-काडीपासून लांब. पॉलिश पेपर किंवा कानस लावू नका. ही तोंडं कारखान्यात सपाट घासलेली असतात. हाताने घासली की मधे फुगीर होतात आणि कायमची फट पडते. शिवाय ई आकारातला मधला दांडा बाजूच्या दोघांपेक्षा किंचित आखूड असतो. ती फट मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर लाल बटण दाबल्यावरही उरलेल्या चुंबकत्वाने ठोकळा चिकटून राहील. बाजूचे दांडे घासले की ती फट जाते आणि मोटार बंदच होत नाही. हा उद्योग मी स्वतः शिकाऊ असताना केलाय, शिव्याही खाल्ल्यात.

ग्रीस किंवा तेलही लावायचं नाही. आज गुळगुळीत वाटतं, महिन्याने त्यात धूळ बसून गुळाच्या काकवीसारखं चिकट होतं.

पेटी साफ केली की केबलची भोकं बुजवा. रबरी ग्रोमेट काही रुपयांत मिळतं. तेही नसेल तर सुतळी आणि एम-सील. भोक उघडं ठेवलंत तर कुंभारमाशी पुढच्या पावसाळ्यात परत येणार.

तिसरी: तांब्याची कडी

ठोकळ्याच्या बाहेरच्या दोन दांड्यांच्या तोंडावर एक बारीक तांब्याची कडी रुतवलेली दिसेल. ती शोभेची नाही. ५० हर्ट्झच्या विजेत चुंबकत्व सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतं. त्या प्रत्येक शून्याला स्प्रिंग ठोकळा उचलू बघते. ही कडी त्या थोड्या भागातलं चुंबकत्व जरासं मागे रेंगाळत ठेवते, त्यामुळे एकाचा शून्य येतो तेव्हा दुसऱ्याने धरलेलं असतं. कडीला केसाएवढी चीर गेली तरी तिच्यातून करंट फिरत नाही आणि स्टार्टर घुमायला लागतो, बाकी सगळं लखलखीत असलं तरी. नखाने हलकेच हलवून बघा. हलत असेल किंवा चीर दिसत असेल तर ठोकळा बदला. झाळून जोडलेली कडी आपटून आपटून परत तुटते.

चौथी: ढिले स्क्रू आणि काजळलेली बटणं

कॉइलची दोन टर्मिनलं, म्हणजे ए१ आणि ए२, त्यानंतर लाल बटण, ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की मोटार थांबवणारा) छोटा कॉन्टॅक्ट, प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार थांबवणारा), ऑटो. कॉइलचा करंट या सगळ्यांतून एका माळेत जातो. एकही मणी ढिला असला की करंट तुटक जातो. प्रत्येक तुटीला कॉन्टॅक्टर सुटतो आणि परत ओढतो, आणि प्रत्येक ओढीला नऊ पट करंट. तडतडीचं कारण बहुधा इथे किंवा पुढच्या तपासणीत सापडतं.

सगळे स्क्रू आवळा. तार काळी पडली असेल तर तेवढं टोक छाटून नवं सोला. किटकॅटच्या खोबणीही बघा, तिथे पितळ निळसर-काळं झालं असेल तर पकड ढिली आहे.

पाचवी: व्होल्टेज, आणि तेही मोटार चालू होताना

इथून पुढे चालू विजेवर काम आहे. मल्टीमीटर कधी हातात धरला नसेल तर इथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. वापरता येत असेल तर रेंज एसी ६०० किंवा ७५० व्होल्टवर आहे ना, ते दोनदा बघा.

मोटार बंद असताना दोन-दोन फेजच्या तिन्ही जोड्या मोजा, मग बटण दाबतानाच्या क्षणी, मग चालू असताना. कॉन्टॅक्टर त्याच्या आकड्याच्या ८५ ते ११० टक्क्यांत नीट ओढेल, एवढीच हमी असते. ४१५ चे ८५ टक्के म्हणजे ३५३. सकाळी मोजलं तेव्हा ३९० होतं, हे पुरेसं नाही. मोटार उचलताना चालू करंटच्या पाच-सहा पट घेते, आणि डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) चारशे-पाचशे मीटर ॲल्युमिनियमची बारीक वायर ओढलेली असली की त्या क्षणी ४०-५० व्होल्ट वाटेतच गळतात. ओढ व्होल्टेजच्या वर्गाने घटते. ३०० व्होल्टला ती निम्मीच उरते. मग काय होतं बघा: कॉन्टॅक्टर टेकतो, मोटार करंट खेचते, व्होल्टेज पडतं, कॉन्टॅक्टर सुटतो, मोटार सुटली म्हणून व्होल्टेज चढतं, परत टेकतो. हीच ती मशीनगन.

डिसेंबरात हरभऱ्याला आणि उसाला एकदमच पाणी लागतं. रात्रपाळीची थ्री फेज आली की एका डीपीवरचे सगळे ऑटो एकाच सेकंदाला मोटारी उचलतात. त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात कॉइलींची रांग लागते. उपाय स्वस्त आहे, पण चौघांनी मिळून करायचा आहे. वेळ लावता येणारा ऑटो घ्या आणि एकाने अर्धा मिनिट, दुसऱ्याने दीड, तिसऱ्याने अडीच अशी वेळ वाटून घ्या. एका डीपीवरच्या अकरा जणांना मी हे चहावर पटवलं. दहा जणांनी ऐकलं. अकरावा म्हणतो, "मी काहून मागं राहू?"

कॅपॅसिटर जिवंत असेल तर लाईनीवरचा भार हलका होतो आणि चालू व्होल्टेज थोडं सावरतं. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा बसवतात. फुगलेला किंवा गळणारा असेल तर काढून टाका, तो नुसता टांगलेला आहे.

मुख्य व्होल्टेज ठीक पण ए१-ए२ वर त्याहून बरंच कमी दिसत असेल तर चौथ्या तपासणीकडे परत जा, माळेत कुठेतरी काजळी राहिलीय.

तीनपैकी एक जोडी ठीक आणि दोन कमी दिसत असतील तर एक फेज गेलाय किंवा अर्धवट आहे. यात गंमत अशी की चालू असलेली मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच थोडं व्होल्टेज परत ढकलते. त्यामुळे कॉन्टॅक्टर सुटत नाही, नुसता घुमत राहतो आणि तोवर मोटारीचं वाइंडिंग भाजतं. घुमणं ऐकू आलं की आधी लाल बटण दाबा, विचार नंतर करा.

सहावी: कॉइल खरंच गेलीय का, आणि नवी कुठली

किटकॅट काढलेले, कॉइलची एक तार सोडवलेली, मीटर ओहमवर. अनंत दाखवलं तर तार तुटली. त्याच मापाच्या नव्या कॉइलपेक्षा बरंच कमी दाखवलं तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत. नेमका आकडा मी सांगणार नाही, कंपनी आणि मापानुसार तो काहीशे ओहमपासून दोन हजारांपर्यंत फिरतो. दुकानातच नव्या कॉइलशी पडताळून बघा.

रिवाइंड केलेली कॉइल घेऊ का, असं सगळे विचारतात. मोटार रिवाइंड करा, कॉइल नको. कॉइलची करंट अडवण्याची ताकद वेढ्यांच्या वर्गावर असते. बांधणाऱ्याने दहा टक्के वेढे कमी घातले तर ती ताकद एकोणीस टक्के कमी झाली. इतक्या बारीक तारेचे हजारो वेढे हाताच्या मशीनवर मोजणारा कारागीर चुकतोच, त्याचा दोष नाही.

उन्हाचाही हिशोब धरा. बाहेर ४३ डिग्री असताना पश्चिमेकडे तोंड केलेल्या पत्र्याच्या पेटीत हात ठेववत नाही. त्यावर कॉइलची स्वतःची उष्णता. इन्सुलेशनचा ढोबळ नियम असा की दर १० डिग्री जास्तीला आयुष्य निम्मं. पेटीवर जुनं पोतं नका टाकू, हवा कोंडते. वीतभर वर छपराचा तुकडा ठोका, पेटीचं तोंड उत्तरेला करा. आणि पेटी बांधावर दगडांत उताणी ठेवू नका. कॉन्टॅक्टर उभ्या पाटीवर बसवण्यासाठी बनवलेला असतो, स्प्रिंगचा आणि वजनाचा मेळ त्यावरच धरलेला असतो.

काडी घालू नका

कॉइल जळाली, दुकान बंद, पीक सुकायलंय. अशा वेळी कॉन्टॅक्टर आत दाबून तुराटीची काडी पाचर म्हणून मारतात. मला माहीत आहे, मीही लहानपणी वडिलांना करताना पाहिलंय. पण काडी मारली की ओव्हरलोड रिले, प्रिव्हेंटर, लाल बटण, सगळे आंधळे. ते सगळे कॉइलचा करंट तोडूनच मोटार थांबवतात आणि इथे कॉइलच नाही. ओळखीतल्या एका मामांनी रात्री काडी मारली आणि झोपले. पहाटे एक फेज गेला. सकाळी चारशे फुटांवरून मोटार वर ओढली तेव्हा तिच्यातून कोळसा निघाला. बोअरवाल्यांची गाडी, रिवाइंडिंग, आणि आठ दिवस पाणी नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

पेटीला, खांबाला किंवा पाइपाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर काहीच तपासू नका. कोरड्या लाकडाने मेन पाडता आला तर पाडा, नाहीतर लांब व्हा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. जनावरं तिकडे जाऊ देऊ नका, बैलाला माणसापेक्षा कमी विजेने मरण येतं.

मोटार बंद असतानाच तिन्ही जोड्या ३५० च्या खाली असतील, किंवा एक फेज येतच नसेल, तर दोष तुमच्या पेटीत नाही. तो डीपीवर किंवा लाईनीवर आहे, आणि तिथे हात फक्त लाईनमनचा. डीपीचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊन दरवर्षी माणसं जातात. बोर्डाच्या १९१२ नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

कॉइल ठीक, आवाज ठीक, पण ओव्हरलोड रिले सारखा पडतोय? मग मोटार किंवा केबल बघावी लागेल. त्यासाठी मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) आणि टाँगटेस्टर (तार न तोडता करंट मोजणारा) लागतो. रिलेची सेटिंग वाढवून प्रश्न दाबू नका.

आणि वरच्या सहाही तपासण्या करून दोन महिन्यांत दुसरी कॉइल गेली, तर तिसरी टाकू नका. अख्खा कॉन्टॅक्टर काढून दुकानात आणा. आतली प्लास्टिकची वाट झिजून ठोकळा तिरका उतरत असतो, तो शेतात दिसत नाही.

ठिबकच्या व्हॉल्व्हवाल्यांसाठी दोन ओळी

मोसंबीच्या आणि केशर आंब्याच्या बागेत आता २४ व्होल्ट एसीचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह दिसायलेत. तिथेही रोग तोच. दांड्यात वाळू किंवा शेवाळ अडकलं की कॉइल भाजते. फिल्टर धुवा, दांडा काढून स्वच्छ पाण्याने धुवा, बहुतेक वेळा तेवढंच. एक चूक मात्र हमखास होते. कॉइल व्हॉल्व्हवरून काढून हातात धरतात आणि "चालते का बघू" म्हणून करंट देतात. दांडा आत नाही म्हणजे फटच फट. चांगली कॉइल हातातच गरम होते आणि संपते. तपासायचीच असेल तर व्हॉल्व्हवर बसवून, नाहीतर नुसत्या ओहमवर.

मला किंवा कुठल्याही मिस्त्रीला फोन करण्याआधी एवढं कागदावर लिहून ठेवा: कॉइलवरचा आकडा, मोटार किती एचपी, डीपीपासून अंदाजे किती मीटर वायर, बंद असतानाचं आणि चालू होतानाचं व्होल्टेज, आवाज घुमण्याचा की तडतडीचा, आणि बिघाड दिवसा होतो की रात्रपाळीला. फोनवरच अर्धं निदान होतं, आणि मला येताना कुठली कॉइल खिशात टाकायची ते कळतं.